जुनं फर्निचर घेताना नेमकं बघायचं काय?

कवडसा

नमस्कार मंडळी. गेले चार महिने घरासाठी जुनं फर्निचर शोधते आहे. तीन गोष्टी हव्या आहेत: लिहायला एक टेबल, कपडे आणि चादरी ठेवायला खणांचं ठेंगणं कपाट, आणि चार खुर्च्या. नवं घ्यायचं तर एका दुपारचं काम आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमचं भुशाच्या फळ्यांचं नऊ वर्षांचं कपाट गेल्या वर्षी हलवायला घेतलं, तर तळ जमिनीवरच राहिला आणि वरचा सांगाडा हातात आला. बिजागरीचे स्क्रू पुन्हा बसवायला धड लाकूडच नव्हतं, नुसता फुगलेला भुसा. त्याच खोलीत आजीची पेटी आहे. ती चार घरं फिरली, तरी झाकण अजून नीट बसतं. तेव्हाच ठरवलं, की यापुढे दुरुस्त होऊ शकेल असंच घ्यायचं.

अडचण ही, की मला लाकडातलं काही कळत नाही. एक विक्रेता अँटिक म्हणतो, दुसरा तसल्याच वस्तूला व्हिंटेज म्हणतो. काल एक खणांचं कपाट पाहिलं आणि ते मनातून जात नाही. वर दोन लहान खण, खाली तीन मोठे, पितळी मुठी. दीडशे वर्षांचं आहे असं सांगितलं, कागदपत्र काही नाही. मला कुणाला खोटं पाडायचं नाही. पण काय बघितलं म्हणजे आपलं आपल्याला कळेल? ज्यांनी जुन्या वस्तू घेऊन रोज वापरल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

तिसरी_पायरी

वाचते आहे. अँटिक आणि व्हिंटेज यांच्यात रेघ कुठे मारायची, हेही कुणी सांगा.

ओंजळ

मी संग्रहालयातल्या लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. शंभर वर्षांहून जुनं ते अँटिक, हा सर्वसाधारण संकेत आहे आणि तो बराचसा जकातीच्या नियमांतून आला. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्यात १८३० पूर्वीची वस्तू अँटिक धरायचे, म्हणजे ठरावीक सालाची अट होती. १९६६ मध्ये ती बदलून शंभर वर्षांची केली, त्यामुळे ही रेघ दर वर्षी एकेक साल पुढे सरकते. व्हिंटेज हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. फर्निचरच्या बाबतीत त्याची नेमकी व्याख्या नाही. साधारण वीस वर्षांपेक्षा जुनं आणि आपल्या काळाची ओळख अंगावर असलेलं, इतपतच अर्थ घ्यावा. रेट्रो म्हणजे जुन्या धाटणीचं पण आजचं काम.

नावांच्या बाबतीतही सावध राहा. 'चिपेंडेल खुर्ची' म्हणतात तेव्हा ती थॉमस चिपेंडेल यांच्या कार्यशाळेतली असतेच असं नाही. त्यांनी १७५४ मध्ये नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि त्यावरून असंख्य सुतारांनी खुर्च्या केल्या, अजूनही करतात. ते शैलीचं नाव आहे, करणाऱ्याचं नव्हे.

रंधा

कवडसाताई, बावीस वर्षं जुनं फर्निचर दुरुस्त करतो आहे, त्यावरून सांगतो. कपाट समोरून बघून काही कळत नाही. समोरची बाजू विक्रीसाठी घासूनपुसून ठेवलेली असते. वस्तूचं खरं वय पाठीवर, तळाला आणि खणांच्या पोटात दिसतं, कारण तिथे पॉलिश करत कुणी बसत नाही.

सगळे खण बाहेर काढा, अगदी सगळे. खणाची पुढची फळी बाजूच्या फळीला जिथे भिडते तो सांधा बघा. कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले असतील तर तो डव्हटेल. हाताने कापलेल्या डव्हटेलचे दात कमीजास्त रुंदीचे असतात, त्यांच्यामधली बोटं पुष्कळदा अगदी निमुळती असतात, आणि सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघ कडेला बहुधा शिल्लक असते. ती रेघ दिसली की मला अजून बरं वाटतं, कारण तिथे कुणाचा तरी हात थांबलेला असतो. यंत्रावर कापलेले दात आणि खाचा एकाच मापाच्या येतात. ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे रुळले. क्वचित तिसराच सांधा दिसतो: अर्धगोल कड आणि तिच्या मधोमध गोल खुंटी. तो अमेरिकेत चार्ल्स नॅप यांच्या १८६७ च्या पेटंटवरून निघालेल्या यंत्राचा आणि १९०० च्या आसपास तो वापरातून गेला. असा खण सापडला तर काळ जवळजवळ हातात आलाच.

मग खणाच्या तळाला टॉर्च आडवा लावा. सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर हातकरवत. कमानीसारख्या गोल रेघा असतील तर चकती करवत, ती साधारण १८३० नंतर पसरली. पाठीला हार्डबोर्ड असेल तर वस्तू १९२४ नंतरची, नाहीतर पाठ नंतर बदललेली, कारण विल्यम मेसन यांनी हार्डबोर्ड त्या साली शोधला.

एखादा स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. १८४० चं दशक संपेपर्यंतचे स्क्रू टोकाशी बोथट असतात आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मध्यावर नसते. टोकदार स्क्रू त्यानंतरचे. अधिकच्या चिन्हाची खाच, म्हणजे फिलिप्स स्क्रू, १९३० च्या दशकाच्या आधी असूच शकत नाही. पण एक नवा स्क्रू दिसला म्हणून अख्खी वस्तू नवी ठरवू नका, दुरुस्तीत स्क्रू बदलले जातात. लोखंडाभोवती लाकूड काळं पडलं आहे का ते बघा, तो डाग पडायला वर्षं लागतात.

शेवटी मोजपट्टी. लाकूड रुंदीकडे आक्रसतं, लांबीकडे जवळपास नाहीच. त्यामुळे जुनं गोल टेबल रेषांच्या दिशेने आणि त्याला आडवं असं दोनदा मोजलं की काही मिलिमीटरचा फरक निघतो. कातीव पायांचंही तेच. अगदी कंपासने काढल्यासारखं गोल मिळालं तर मी शंका घेतो.

मोरपंखी

जपून ठेवण्यासारखा प्रतिसाद. रंधादादा, आभार.

काटकोन

वयाबद्दल रंधा यांनी लिहिलंच आहे. मी घरांच्या आतल्या मांडणीचं काम करतो, म्हणून वापराबद्दल लिहितो. जुन्या फर्निचरच्या बाबतीत सगळ्यात जास्त पस्तावा मी मापांमुळे झालेला पाहिला आहे, खोटेपणामुळे नव्हे.

खुर्चीची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटिमीटर असते, टेबल ७२ ते ७६. दोघांत २५ ते ३० सेंटिमीटरचं अंतर असलं म्हणजे हात आणि मांड्या दोन्ही सुखात राहतात. जुन्या खुर्च्यांचे पाय कुजले म्हणून खालून कापलेले असतात, त्यांची बैठक चाळीसवर येते आणि घरी आणल्यावर लक्षात येतं. लिहायच्या टेबलाला मधे खण असेल तर टेबलाची उंची मोजून उपयोग नाही. खणाच्या तळापासून जमिनीपर्यंत मोजा. ते अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर स्वतः खुर्ची ओढून बसून बघा, पाय आडवा टाकून बघा. टाइप करायला लिहिण्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर खाली हात ठेवलेले बरे पडतात, तेव्हा लॅपटॉपसाठी हवं असेल तर तेही धरा. पुढे उघडून आडवं होणारं झाकण असलेलं टेबल असेल तर आधाराच्या दोन दांड्या पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय झाकणावर कोपर टेकू नका. अशा टेबलांच्या बिजागऱ्या तुटतात त्या बहुतेक यामुळेच.

उभ्या कपाटात कपडे टांगायचे असतील तर आतली खोली ५५ सेंटिमीटर तरी हवी. जुनी पुष्कळ कपाटं हँगर रुळायच्या आधीची आहेत, त्यांत खुंट्या आणि फळ्या असतात, म्हणून ती उथळ. घड्या ठेवायला उत्तम, हँगर मात्र तिरके बसतात. पलंग घेणार असाल तर गादी वेगळी करून घ्यावी लागेल हे आधीच धरा.

आणि दार, जिना, जिन्याचं वळण मोजा. विक्रेत्याला विचारा की कपाट सुटं होतं का. मोठी जुनी कपाटं पुष्कळदा पाचरांवर उभी असतात, पाचरा काढल्या की फळ्या वेगळ्या होतात. खणांचं कपाट घरात लहान मूल असेल तर भिंतीला पट्टीने बांधाच. तीन खण एकाच वेळी उघडले की ते पुढे कलंडतं, मग ते कितीही जड असो.

सांजवेळ

कीड तपासल्याशिवाय काही घरात आणू नका, हे मी पोटतिडकीने सांगते आहे. मी पाच वर्षांपूर्वी एक सुंदर टेबल घेतलं. पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. विक्रेता म्हणाला, जुनी आहेत, औषध मारलेलं आहे. मीही विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी सकाळी केर काढताना पायाशी पिवळसर पिठाची लहानशी ढिगी दिसली. पुसली, चार दिवसांनी पुन्हा. तोवर शेजारच्या लाकडी शेल्फच्या मागच्या फळीलाही भोकं पडली होती. टेबल वाचलं, शेल्फ टाकून द्यावं लागलं. ते माझ्या वडिलांनी स्वतः केलेलं होतं.

ओंजळ

सांजवेळ, शेल्फचं वाचून फार वाईट वाटलं.

यात आपली चूक सहज होते, कारण भोक हे किडा आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. अळी आत तीन-चार वर्षं लाकूड खात राहते आणि भुंगेरा झाल्यावर भोक पाडून उडून जातो. म्हणून 'भोकं जुनी आहेत' हे खरं असलं तरी आत काही नाही असं त्यावरून ठरत नाही. भोकाची आतली कड बघा. फिकी, ताज्या लाकडाच्या रंगाची असेल तर ते अलीकडचं. मळून काळपट झालेली असेल तर जुनं. वस्तूखाली काळा कागद अंथरा, हलक्या हाताने ठोका, आणि काही आठवडे रोज बघा. शक्य असेल तर हे घराबाहेर किंवा रिकाम्या खोलीत करा. टाल्कम पावडरसारखं मऊ पीठ आणि किंचित खरखरीत कणांचं पीठ यावरून किडीची जातही ओळखता येते.

औषधाबद्दल एक गैरसमज आहे. बोरॅक्सवर्गातली द्रव्यं उघड्या लाकडात शिरतात, पॉलिशमधून शिरत नाहीत. वरवर फवारलं तर आतल्या अळीला काहीच होत नाही. लहान वस्तू, म्हणजे खुर्ची, पेटी, सुटा खण, प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवली की सगळ्या अवस्था मरतात. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर लाकडावर दव धरतं. मोठ्या वस्तूला नियंत्रित उष्णता देतात, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५५ अंश पोचवून, पण ते जाणकाराकडूनच. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि सरस दोन्ही उष्णतेने सुटतात.

कवडसा

तुम्हा सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. आज टॉर्च, मोजपट्टी आणि काळा कागद घेऊन गेले. विक्रेत्याने खण काढायला स्वतः मदत केली. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

पाचही खणांना हाताने कापलेले डव्हटेल आहेत, रंधादादांनी सांगितलेली रेघसुद्धा दिसली. खणांच्या तळाला सरळ रेघा. बाजूच्या फळ्यांना प्रत्येकी एक उभी चीर गेलेली आहे. वरची फळी मात्र एकसंध, चीर नाही, आणि खालून हात फिरवला तर अगदी गुळगुळीत. चार पायांच्या आतल्या ठोकळ्यांचं लाकूड फिकं आहे, त्यावर गोल रेघा आहेत आणि स्क्रू अधिकच्या चिन्हाचे. प्रत्येक खणाच्या पुढच्या फळीला आतून मुठींच्या भोकांशिवाय आणखी दोन बुजवलेली भोकं आहेत. काळ्या कागदावर काही पडलं नाही, पण मी अर्धा तासच होते.

रंधा

ताई, फार छान तपासलंत. मला यातून दिसतं ते असं.

खण आणि बाजू जुन्या, बाजूच्या चिरांवरूनही तेच दिसतं. पाय नंतरचे आणि वरची फळीही नंतरची. वर दोन लहान खण आणि खाली तीन मोठे ही मांडणी दुमजली खणांच्या कपाटाच्या वरच्या मजल्याची असते. तुमचं कपाट तो वरचा मजला असण्याची बरीच शक्यता आहे. वरच्या मजल्याचं डोकं माणसाच्या नजरेच्या वर असल्यामुळे तिथे पॉलिशची फळी नसायची, कच्चं लाकूड असायचं. दोन मजले वेगळे झाले की वरच्याला पाय लागतात, डोक्यावर नवी फळी लागते. खालच्या मजल्यालाही अशीच नवी फळी मिळते आणि एका वस्तूची दोन होतात. खात्री करायची असेल तर खणाची पुढून मागे खोली मोजा. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा उथळ असतो.

मुठी एकदा बदललेल्या आहेत, ते बुजवलेल्या भोकांवरून उघड आहे. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

उंबरा

मग घेऊच नका. एकसंध नाही ते अँटिक कसलं? दीडशे वर्षं सांगून पाय आणि डोकं नवं, ही सरळ फसवणूक आहे.

रंधा

उंबरा, तुमचा राग समजतो, पण मी इतक्या टोकाला जाणार नाही. संग्रहासाठी घेत असतील तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, अशा वस्तूचं मोल अखंड वस्तूच्या मानाने बरंच कमी असतं. ताईंना त्यात चादरी ठेवायच्या आहेत. खणांचे सांधे घट्ट आहेत, लाकूड निरोगी दिसतं, पाय नवे म्हणजे मजबूत. विक्रेत्यालाही हे कदाचित माहीत नसेल, या व्यापारात वस्तू चार हातांतून येते. मात्र दोन अटी पाळा. मोल जोडकामाचं द्या, अखंड वस्तूचं नव्हे. आणि पावतीवर लिहून घ्या, की खण आणि बाजू जुन्या, वरची फळी आणि पाय नंतरचे. पुढे तुम्ही विकलंत तर पुढच्या माणसालाही खरंच कळायला हवं.

उंबरा

पावतीचं पटलं. तसं लिहून देणार असतील तर माझी हरकत नाही.

चाफेकळी

थोडं वेगळं विचारते. माझ्याकडे सासऱ्यांचं एक काळपट पडलेलं टेबल आहे. ते पूर्ण घासून पांढरं रंगवायचा विचार आहे, खोली उजळ होईल. शिवाय मुलीच्या खोलीसाठी एक जुनं रंगीत बाकडं मिळतं आहे, त्याच्या रंगाला पोपडे आले आहेत, तोही घासून काढायचा आहे. कोणता पॉलिशपेपर वापरू?

ओंजळ

चाफेकळी, बाकड्याला आधी हात लावू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांत ते १९७८ मध्ये बंद झालं, इतर देशांत निरनिराळ्या वेळी. सुकं घासलं की तीच धूळ श्वासात आणि मुलांच्या हातांवरून तोंडात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिची झळ कायमची लागते. शिशाची चाचणी करून घ्या. शिसं निघालं तर ते बाकडं मुलीच्या खोलीत नको, कितीही गोड दिसलं तरी.

टेबलाबद्दल सांगायचं तर तो काळपटपणा बहुतेक वेळा लाकडाचा नसतो, पॉलिशवर साठलेल्या मळाचा आणि जुन्या मेणाचा असतो. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर ते चपडी लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर १९२० च्या दशकापासून आलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर बहुधा पॉलियुरेथेनसारखं आधुनिक काहीतरी. लाखेचं असेल तर घासायची गरजच नाही. जुन्या थरावर नवा थर एकजीव होतो, हा लाखेचा फार मोठा गुण आहे. गरम भांड्याचा पांढरा गोल डागही बरेचदा वरच्या थरातच असतो, लाकडात नसतो.

रंधा

ओंजळताईंशी शंभर टक्के सहमत. यात मला मनापासून एक विनंती करायची आहे. टेबल तुमचं आहे, पांढरं करायचा हक्कही तुमचाच. पण आधी फक्त एक कोपरा साफ करा. मऊ कापड, अगदी थोडं पाणी, त्यात पातळ साबण, लगेच कोरड्या कापडाने पुसायचं. वाळल्यावर त्या कोपऱ्याकडे दिवसाच्या उजेडात बघा आणि मग ठरवा. हाताच्या स्पर्शाने, उन्हाने, वर्षानुवर्षं पुसण्याने जो रंग चढतो तो पॉलिशपेपरने पंधरा मिनिटांत जातो आणि परत आणता येत नाही. माझ्याकडे लोक घासलेली टेबलं घेऊन येतात आणि 'पूर्वीसारखं करून द्या' म्हणतात. ते मला कधीच जमलेलं नाही.

सिलिकॉन असलेले चमकीचे स्प्रे मारू नका, पुढे त्यावर कोणतंही पॉलिश नीट धरत नाही. जवसाचं तेल लावलंच तर त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चाफेकळी

बाकडं रद्द. टेबलाचा कोपरा रविवारी साफ करून बघते. चिंध्यांचं माहीतच नव्हतं, धन्यवाद.

तिसरी_पायरी

कवडसा, खुर्च्यांचं काय ठरलं? वाकवलेल्या लाकडाच्या त्या हलक्या खुर्च्या बऱ्याच ठिकाणी दिसतात, त्या कशा?

काटकोन

माझ्या सगळ्यात आवडीचा विषय. मिखाएल थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. बीच लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं, अशी पद्धत. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. १९३० पर्यंत पाच कोटींच्या आसपास विकल्या गेल्या, म्हणून अजून जगभर सापडतात. त्यांचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मग इतर कारखान्यांनीही त्याच घाटाच्या खुर्च्या काढल्या. त्यामुळे बैठकीच्या चौकटीच्या आतल्या कडेला कागदी चिठ्ठी किंवा शिक्का शोधा. नाही सापडला तरी खुर्ची वाईट ठरत नाही.

घेताना ती एका पायावर दाबून फिरवा. डुगडुगत असेल तर स्क्रू आवळून काम होण्याची शक्यता असते, हा या घाटाचा फायदा. पण वाकवलेल्या भागावर, विशेषतः पाठीच्या वळणावर, लाकडाचे रेषे उचललेले किंवा तडकलेले असतील तर सोडून द्या. तिथे सगळा भार येतो आणि चिकटवलेलं टिकत नाही. वेताची जाळी फाटलेली असेल तर घाबरू नका, ती नव्याने विणता येते. चौकटीला कडेने भोकं असतील तर वेत हाताने एकेक धागा ओवून विणलेला असतो. नुसती सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी ठोकून बसवलेली. दुसरं काम पुष्कळ सोपं.

रंधा

चौकटीच्या साध्या लाकडी खुर्च्या असतील तर एक विचारा: सांधे कशाने चिकटवले आहेत? जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, तो उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो. म्हणून ढिली खुर्ची सोडवून, जुना सरस धुऊन, पुन्हा जोडता येते. कुणी आधीच पांढरा गोंद किंवा इपॉक्सी ओतून ठेवला असेल तर पुढची दुरुस्ती लाकूड मोडूनच होते. सांध्यातून खिळा ठोकलेली खुर्ची तर मी शक्यतो नाकारतो, त्या खिळ्याने सांध्याच्या खाचेत बसणारी आतली जीभ फाटलेली असते.

गादीच्या खुर्चीत खालून बोट घालून बघा. फोमचा चुरा पडत असेल तर आतलं सगळं नवं करावं लागेल, आणि ते काम खुर्चीच्या मोलाहून महाग पडू शकतं.

सांजवेळ

जुन्या आरशाच्या कपाटाबद्दल कुणाला माहिती आहे का? बहीण घेते आहे. आरशाला आतून करड्या, चमचमत्या डागांची नक्षी आहे.

ओंजळ

जपून. चांदीचा मुलामा देण्याची रीत युस्टस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधी आणि नंतरही काही दशकं काचेच्या मागे कथील आणि पाऱ्याचा लेप असायचा. करडी, स्फटिकांसारखी चमक ही त्याच लेपाची खूण असू शकते. अशा आरशाची पाठ खरवडायची नाही, नवा मुलामाही द्यायचा नाही, कारण त्यातून पारा सुटतो. कपाटाच्या तळाशी चकचकीत थेंब दिसले तर ते झाडूने लोटू नका. झोपायच्या खोलीत मी तो ठेवणार नाही. एखाद्या जतनकाराला दाखवून मग ठरवा.

मोरपंखी

शिसवीचं टेबल परदेशी न्यायचं झालं तर काही अडचण येते का? पुढच्या वर्षी बिऱ्हाड हलवायचं आहे.

काटकोन

येऊ शकते. शिसवी डालबर्जिया या झाडांच्या वंशात येते. तो अख्खा वंश २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात. जुनी वस्तू असली तरी ती निर्बंधाच्या आधीची असल्याचा पुरावा आणि परवाना लागू शकतो. सामान बांधायच्या बरंच आधी दोन्ही देशांच्या यंत्रणांकडे चौकशी करा. जुनी पावती, जुना फोटो, जे असेल ते जपा.

कवडसा

तीन महिन्यांनी धागा वर काढते आहे, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

कपाट घेतलं. खोली मोजली, उथळच निघाली. विक्रेत्याला सगळं दाखवलं तर तो स्वतः खाली बसून ठोकळे बघत राहिला. म्हणाला, मला असंच मिळालं होतं. पावतीवर सगळं लिहून दिलं आणि मोलही त्याप्रमाणे केलं. सहा आठवडे ते गॅलरीत काळ्या कागदावर उभं होतं, कागद कोरा राहिला. मग आत आणलं, भिंतीला पट्टीने बांधलं.

टेबलाच्या बाबतीत मी मत बदललं. दोन शंभरी गाठलेली टेबलं पाहिली, दोन्हींत मांड्या अडकत होत्या. शेवटी १९५० च्या दशकातलं साधं, सरळ पायांचं सागवानी टेबल घेतलं. त्याला अँटिक कुणी म्हणणार नाही, पण मी रोज चार तास त्यावर बसते आणि पाठ दुखत नाही. खुर्च्या वाकवलेल्या लाकडाच्या, तीनच मिळाल्या. चौथीच्या पाठीला तडा होता, ती काटकोन यांचं ऐकून सोडली. जुळणारी मिळेपर्यंत चौथ्या जागी स्टूल आहे.

एकच तक्रार. हल्ली हवा दमट आहे आणि कपाटाचा सगळ्यात खालचा खण अडकतो. थोडा रंधा मारून घेऊ का?

रंधा

अजिबात नको. दमट दिवसांत फुगलेला खण तासला तर कोरड्या दिवसांत तो ढिला होऊन खडखडतो. खण बाहेर काढा, बाजूच्या फळीच्या खालच्या कडेवर आणि आतल्या पट्ट्यांवर साध्या मेणबत्तीचा तुकडा चांगला घासा. ओढताना दोन्ही मुठींना सारखा जोर द्या. तरीही अडकला तर हवा कोरडी होईपर्यंत त्यात कमी वापराच्या वस्तू ठेवा.

कवडसा

मेण लावलं. आता एका हाताने सरकतो.